'अपोफिस' येतोय, पण दुसरं लोणार होणार नाही! पृथ्वीजवळून जाताना वाट कशी वळते?

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर म्हणजे अवकाशातला दगड थेट आदळल्याची खूण. बेसाल्ट खडकात पडलेला सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा. त्यामुळे 2029 जवळ आलं की 'अपोफिस' लघुग्रहाच्या नावाखाली लोणारचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

13 एप्रिल 2029 रोजी (आपल्याकडे 14 एप्रिलच्या पहाटे) अपोफिस पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे 32 हजार किलोमीटरवरून जाईल. आपले टीव्हीचे उपग्रहही त्याहून दूर असतात. तरी किमान 100 वर्षं धडकेचा धोका नाही, असं नासाने 2021 मध्येच सांगितलंय. खरी बातमी वेगळीच आहे. आज सूर्याभोवती साधारण 324 दिवसांत फेरी मारणाऱ्या अपोफिसला या भेटीनंतर 400 हून जास्त दिवस लागतील.

असं का होतं?

'पृथ्वीने खेचलं म्हणून' हे उत्तर अर्धवट आहे. ग्रहाकडे येताना वाढलेला वेग दूर जाताना पुन्हा घटतो. ग्रहावरून मोजलं तर येण्या-जाण्याचा वेग सारखाच, फक्त दिशा बदलते.

समजा, मेहकर-लोणार रस्त्यावर एसटी ताशी 50 किलोमीटरने येतेय आणि समोरून 30 च्या वेगाने चेंडू फेकला. (प्रयोग मनातच करा!) ड्रायव्हरला चेंडू 80 ने येताना दिसेल आणि पुरेपूर उसळला तर 80 नेच परत जाताना. रस्त्याकडेच्या माणसाला मात्र तो 130 ने जाताना दिसेल. एसटीचा वेग किंचित घटला, पण कुणाला कळणारही नाही. इथे ग्रह म्हणजे एसटी आणि सूर्य म्हणजे रस्त्याकडेचा माणूस. फक्त धडकेऐवजी गुरुत्वाकर्षणाचं वळण.

यानं हेच मुद्दाम करतात. ग्रहाच्या मागून गेलं की सूर्याच्या हिशेबाने वेग वाढतो, पुढून गेलं की घटतो. 1977 मध्ये निघालेल्या व्हॉएजर-2 ने गुरूकडून वेग घेत पुढचे ग्रह गाठले. युरोपच्या 'ज्यूस'ने ऑगस्ट 2024 मध्ये उलट केलं. आधी शुक्राकडे जायचं असल्याने पृथ्वीजवळ वेग कमी करून घेतला.

लोणारला येणाऱ्या शाळेच्या सहलींना 'इथे उल्का पडली' एवढंच सांगून परत पाठवणं पुरेसं नाही. अपोफिसची जुनी आणि नवी कक्षा दाखवणारा एक मराठी फलक सरोवराच्या काठावर 2029 आधी लागायला हवा. खर्च फार नाही आणि तारीखही आधीच ठरलेली आहे.