वसंतातल्या हिमाचे घड्याळ

काश्मिरी गृहस्थ आपल्या हिवाळ्याचा हिशेब तीन हिश्शांत मांडतो. २१ डिसेंबरला आरंभ होणारा ४० दिवसांचा चिल्लई कलां, त्यामागून २० दिवसांचा चिल्लई खुर्द आणि सर्वांत शेवटी १० दिवसांचा चिल्लई बच्चा. ही मुदत फेब्रुवारीअखेर भरली, की थंडीचा अंमल उठला असे तो धरून चालतो. गुलमर्गच्या उतारांवर स्कीइंगसाठी आलेली मंडळीही त्यानंतर हळूहळू पाय काढू लागतात, आणि परीक्षा आटोपून आपल्याकडची कुटुंबे एप्रिल-मे महिन्यांत तेथे पोहोचेपर्यंत २६५० मीटर उंचीवरील ते कुरण व त्याच्या माथ्यावरचा अफरवट पर्वत यांना एक दुर्मीळ शांतता लाभते. या दिवसांना लोक हंगामाची उतरती कळा म्हणतात. माझे मत निराळे आहे. हिमाची खरी विद्या शिकावी ती याच दिवसांत. कारण तेव्हा हिम आपल्या वेळापत्रकाला जुमानत नाही, आणि आपले वेळापत्रक त्याच्या स्वाधीन करण्यावाचून माणसाला गत्यंतर उरत नाही.

भर हिवाळ्यातील कोरडे, पिंजलेल्या कापसासारखे हिम दिवसभर बहुधा एकाच स्वभावाचे राहते. मार्चअखेरच्या हिमाची प्रकृती मात्र प्रहरागणिक पालटते. दिवसाच्या उन्हाने वरचा थर वितळतो, ते पाणी कणांच्या फटींतून खाली झिरपते, त्यात बारीक स्फटिक विरून जातात आणि मोठे कण वाटोळे होऊन भिजवलेल्या साबुदाण्यासारखे टपोरे दिसू लागतात. रात्री आकाश निरभ्र असले, तर उताराची उष्णता निर्वेधपणे निघून जाते आणि हे सारे दाणे गोठून एकमेकांस घट्ट धरून बसतात. म्हणून पहाटे तोच उतार फरशीसारखा कठीण लागतो व त्यावर स्कीची धार टिकत नाही. ऊन चढून वरचे बोटभर दाणे सुटे झाले, की तास-दोन तासांचा असा एक अवधी येतो, की वळण घेताना शरीराला कसलेही प्रयास पडत नाहीत आणि पायांखालून वाळूच्या सळसळीसारखा मंद ध्वनी तेवढा येत राहतो. आणि मध्याह्नाच्या सुमारास तेच हिम लापशीसारखे सैल होऊन गुडघे पिरगाळू लागते. एवढेच नव्हे, तर पाण्याने जड झालेला थर तीव्र उतारावरून सबंधच्या सबंध घसरून हिमस्खलन होण्याचे भय त्याच वेळी सर्वाधिक असते.

हे ज्ञान मला ज्या प्रौढ काश्मिरी शिक्षकाकडून मिळाले, त्याने पहिल्या दिवशी सूर्य चांगला वर येईपर्यंत मला स्की बांधूच दिल्या नाहीत. तो दर काही वेळाने उतारावर जाऊन टाच रोवून पाहत असे. टाच उमटली नाही, की परत येऊन बसे. ती बोटभर रुतली, तेव्हा त्याने मानेने खूण केली, आणि त्यापुढील दीड तासाइतके निर्मळ सुख मी क्वचितच अनुभवले आहे. दुसऱ्या दिवशीची थंडी मला आदल्या दिवसापेक्षा फारशी निराळी भासली नाही, तथापि रात्रभर आभाळ दाटलेले होते. त्या दिवशी टाच पहिल्याच खेपेस घोट्यापर्यंत रुतली आणि वरच्या कड्यावरून हिमाचे लहान गोळे आपोआप गडगडत येताना दिसले. ‘आज पहाड झोपलेला नाही,’ एवढेच बोलून त्याने स्की खांद्यावर टाकल्या व आम्ही परतलो. त्या दिवसाचा मेहनताना त्याने घेतला नाही. तो घ्यावा म्हणून मी फार आग्रह केला. परंतु ज्या उतारावर मी तुम्हांला नेले नाही, त्याचे पैसे कसले, असे त्याचे म्हणणे पडले.

आज या गोष्टीची आठवण करून देण्याचे कारण असे, की पूर्वी वसंतापुरते असलेले हे चंचलपण आता साऱ्या हिवाळ्यात शिरले आहे. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ काश्मीरला हिम देतात. त्यांनी पाठ फिरवली म्हणजे काय होते, ते जानेवारी २०२४ मध्ये ऐन चिल्लई कलांत उघड्या पडलेल्या गुलमर्गने दाखवले. पुढल्या वर्षी फेब्रुवारीत योजलेल्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा हिमाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. अशा काळात पर्यटनाचा बंदोबस्त ठरीव तारखांवर व ठरीव तासांवर चालवणे हे व्यवहाराला धरून नाही. १९९८ मध्ये सुरू झालेला आणि २००५ मध्ये अफरवटच्या खांद्यापर्यंत पोहोचलेला गोंडोला हा रज्जुमार्ग मार्च-एप्रिलमध्ये सकाळी लवकर सुरू व्हावा, वरचे तीव्र उतार उन्हाच्या मानाने दुपारपूर्वी बंद व्हावेत, आणि त्या दिवशी उतार का उघडले वा का मिटले याचा साधा जाहीरनामा तिकिटाच्या खिडकीवर हिंदी-इंग्रजीत लागावा, एवढी माझी मागणी आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. पायथ्याच्या तंगमर्गला कोट व बूट भाड्याने देणारे, लाकडी स्लेज ओढणारे, घोडेवाले आणि स्कीशिक्षक या सर्वांची वर्षाची बेगमी हंगामाच्या मोजक्या दिवसांवर अवलंबून असते. उतार दुपारी मिटला तर त्यांच्या चुलीचे काय? माझे उत्तर असे, की जेथे हिमावर भरवसा ठेवता येत नाही, तेथे त्या हिमाला ओळखणारा माणूस हीच खरी पुंजी होय. त्याच्या पाहणीला दाम मिळाला पाहिजे, आणि ‘आज नको’ असे सांगण्याचा त्याचा हक्क त्याच्या रोजीला न कापता मान्य झाला पाहिजे. माझ्या शिक्षकाने तो हक्क स्वतःच्या पदरास खार लावून बजावला. प्रत्येकाने तसे करावे, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

आपल्या मुलुखातून दरवर्षी हजारो कुटुंबे तेथे जातात, आणि आदल्या संध्याकाळी त्यांचा पहिला प्रश्न असतो तो ‘उद्या बर्फ मिळेल ना?’ असा. पैसे भरले आहेत, रजा मोजकी आहे, तेव्हा तो प्रश्न स्वाभाविकच आहे. परंतु पुढल्या खेपेस सकाळी उठल्यावर आपण आणखी एक प्रश्न विचारावा, आणि त्याचे उत्तर प्रतिकूल आले तर वाटाड्याची रोजी त्याच्या हातावर ठेवून खालच्या देवदारांत पायी फिरायला जावे: ‘रात्री चांदण्या दिसत होत्या का?’