वरचे कष्ट कुणासाठी?

‘जास्तीचे एक पाऊल टाका’, ‘गिऱ्हाईक हाच देव’ असले सुविचार हल्ली रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येऊन पडतात. माझा त्यांच्यावर राग नाही. पण हे जास्तीचे पाऊल टाकून शेवटी कुणाचे घर भरते, ते त्यांत कुठेच लिहिलेले नसते.

आपला पोदेर घ्या. रात्रभर भट्टीपुढे तापायचे आणि उजाडायच्या आत सायकलला टोपली बांधून पों पों करीत निघायचे. कुणाकडे चार उंडे, कुणाकडे दोन पोळ्या, कुठल्या म्हातारीला चहात बुडवायला काकणेच लागतात, हे सगळे त्याला पाठ. आज ही कामे करणारे बरेच जण कर्नाटकातून आलेले आहेत, तरी आठवड्याभरात त्यांनाही वाड्यावरची घरे तोंडपाठ होतात! पावसातही पाव भिजत नाही, स्वतः मात्र चिंब भिजतो.

मासळीवालीचे तसेच. ‘‘बाये, आयज इसवण नाका, बांगडे व्हर,’’ असे ती सांगते तेव्हा तिचा त्या दिवशीचा नफा थोडा कमी होतो. पण ती बाय पुढची दहा वर्षे दुसऱ्या पाटलीकडे ढुंकूनही बघत नाही. विक्रीकलेचा कोर्स तिने केलेला नाही. गिऱ्हाईक उद्याही यायचे आहे, एवढेच तिला ठाऊक असते.

आम्हा सरकारी कारकुनांविषयी लोक काय बोलतात ते मला माहीत आहे, आणि पुष्कळसे खरेही आहे. गोव्यात 2013 साली सेवा ठरावीक मुदतीत देण्याचा कायदा झाला. पण काणकोणहून पणजीला आलेल्या माणसाला लागणारे सगळे कागद पहिल्याच खेपेला एका चिठ्ठीवर लिहून द्यावेत, असे कुठला कायदा सांगणार? त्याला पाच मिनिटे लागतात. त्याची अख्खी दिवसाची मजुरी वाचते. हे जास्तीचे काम मी मानतो. साहेब जाईपर्यंत उगाच फायली चाळत बसणे, ह्याला मी काम म्हणत नाही.

आता मोठ्या दुकानांतल्या मुली बघा. साडीच्या, मोबाईलच्या, सौंदर्यप्रसाधनांच्या. टार्गेट दुसऱ्याने ठरवलेले, पगार बेताचा, आणि दिवसभर उभे राहायचे. गिऱ्हाईक नसले तरी बसायचे नाही, कारण बसलेली मुलगी आळशी दिसते म्हणे! त्यांना ‘अजून थोडी मेहनत घ्या’ सांगणारा माणूस स्वतः एसी केबिनमध्ये खुर्चीवर बसलेला असतो. पोदेराने दोन घरे जास्त केली तर दोन पैसे त्याच्या खिशात येतात. ह्या मुलीने वीस साड्या जास्त विकल्या तर पुढच्या महिन्याचे टार्गेट वाढते. दोघांच्या मेहनतीला एकच सुविचार लावणे मला पटत नाही.

केरळात दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे भांडण केले, तेव्हा 2018 साली तिथला कायदा बदलला. 2021 मध्ये तामिळनाडूनेही तसाच बदल केला. बसायला मिळावे म्हणून कायदा लागतो, ह्याचेच मला नवल वाटते. आपल्याकडच्या दुकानदारांनी तरी कशाची वाट पाहायची? एका स्टुलाला असे कितीसे पैसे पडतात?