काडतुसाची दारू आणि काटकसर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अनेक शेतकऱ्यांच्या घरीं रायफल असते, आणि फुरसतीच्या वेळीं मातीच्या उंच बंधाऱ्यापुढें कागदी लक्ष्य लावून नेम साधणें हा तेथील एक साधा विरंगुळा आहे. विकतचीं काडतुसें महाग पडतात म्हणून कित्येकजण उडविलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जपून ठेवितात व तिच्यांत नवी टोपी, दारू आणि गोळी बसवून काडतूस घरींच पुन्हां भरतात. पुंगळी अनेकदां उपयोगी पडत असल्यामुळें बचत होते खरी. मात्र ‘सर्वांत स्वस्त दारू कोणती?’ हा जो प्रश्न अशा वेळीं हटकून विचारिला जातो, त्याचें उत्तर डब्यावरील किंमतींत शोधणें आमच्या मतें चुकीचें आहे.

आपल्या शेतकरी बंधूंस ही चूक परिचित असेल. युरियांत नत्र शेंकडा ४६, तर अमोनियम सल्फेटांत सुमारें २१ असतें. म्हणून केवळ नत्रासाठीं खत घेणारा जाणता शेतकरी गोणीची किंमत न पाहतां नत्राचा भाव काढितो. दारूचेंही तसेंच आहे. एक रत्तल म्हणजे ७००० ग्रेन. एका काडतुसास ५० ग्रेन दारू लागत असेल तर रत्तलांत १४० काडतुसें भरतील. २५ ग्रेन पुरत असेल तर २८०. अर्थात् दुसरी दारू दीडपट महाग असली तरी प्रत्येक बारामागें तीच स्वस्त पडते.

परंतु हा हिशेब शेवटपर्यंत ताणणें घातक आहे. पिस्तुलाची शीघ्र जळणारी दारू १० ग्रेन घातली तर रत्तलांत ७०० बार निघतील, हें खरें. पण तेवढी चिमूट मोठ्या पुंगळीच्या तळाशीं दिसेनाशी होते. अनवधानानें ती दोनदां पडली तरी बाहेर सांडत नाहीं, आणि त्या एका चुकीनें रायफल फुटून डोळा अथवा हात गमावण्याची पाळी येते. उलटपक्षीं, मंद जळणारी दारू मनास येईल तितकी कमी घालणें हेंही निर्धोक नव्हे. ती अनियमितपणें पेटते व क्वचित् दाब भलताच वाढतो. म्हणून साध्या नेमबाजीसाठीं मध्यम गतीनें जळणारी, फुगीर आणि पुंगळीचा निम्म्याहून अधिक भाग व्यापणारी दारू घ्यावी. ती दुबार पडल्यास तत्काळ ओसंडते व चूक डोळ्यांस दिसते.

याचें चांगलें उदाहरण म्हणजे ‘४८९५’ ही दारू. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्याच्या ‘थर्टी-ऑट-सिक्स’ काडतुसांत ती वापरली जाई. युद्धानंतर तिचा शिल्लक साठा कॅन्सस संस्थानांतील ब्रूस हॉजडन यांनीं स्वस्तांत विकला व त्यांतूनच त्यांचा व्यवसाय उभा राहिला. त्यांच्या कंपनीच्या ‘एच ४८९५’ या दारूचें माप, ज्या काडतुसांसाठीं ती त्यांच्या पुस्तकांत दिली आहे त्यांत, कमाल मापाच्या शेंकडा ६० पर्यंत उतरविण्यास कंपनी स्वतः मुभा देते. यामुळें दारू वांचते, खांद्यास धक्का कमी बसतो व नळीही कमी झिजते. मात्र ‘आयएमआर ४८९५’ ही निराळी दारू होय. आंकडा एकच आहे म्हणून एकीचें माप दुसरीस लावूं नये.

ज्या वाचकांचे आप्त तिकडे स्थायिक झाले आहेत, त्यांनीं हा विचार त्यांस अवश्य कळवावा. आपल्या देशांत मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें परवान्यावांचून काडतुसें तयार करणें हा अपराध आहे. पीकरक्षणासाठीं बंदुकीचा परवाना असलेल्यांनींही बचतीच्या मोहानें या फंदांत पडूं नये. जेथें कायद्याची मुभा आहे, तेथेंही आधीं उत्पादकाचें पुस्तक व अचूक तराजू विकत घ्यावा आणि मग दारूचा भाव विचारावा.