भावांचे भांडण आणि मुंबईचा लवाद

एका राज्याचे दोन वारस भांडू लागले की तिसऱ्याला घरात शिरायला दार सापडते, हे मराठी वाचकाला निराळे सांगावयास नको. १७७५ साली रघुनाथराव सुरतेस इंग्रजांकडे गेला, १८०२च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला, आणि पुढे सोळा वर्षांत पेशवाई संपली. ही कथा आपल्याकडे पुष्कळ उगाळून झाली आहे. परंतु पेशवाई बुडाल्यानंतर चाळीस वर्षांनी त्याच मुंबईच्या इंग्रज सरकारने अरबी समुद्रापलीकडच्या दुसऱ्या एका भाऊबंदकीवर पाळत ठेवली, तिची चौकशी केली, तिचा निवाडा घडवून आणला आणि त्या निवाड्यातून दोन राज्ये हळूहळू आपल्या खिशात घातली. त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर होता लॉर्ड एल्फिन्स्टन; पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा हा पुतण्या. पुण्याला जो धडा गिरवला गेला तो मस्कतला उपयोगी पडला असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक ठरणार नाही.

मस्कतचा सय्यद सईद हा मोठा व्यापारी राजा होता. अरबस्तानच्या टोकाशी असलेला ओमान आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील झांझिबार ही त्याच्या राज्याची दोन अंगे. उत्तरायुष्यात त्याने आपले ठाणे झांझिबारलाच हलवले, कारण पैसा तेथे होता. लवंगांचे मळे, हस्तिदंत आणि गुलामांचा बाजार या तीन गोष्टींवर त्या बेटाची भरभराट उभी होती. ऑक्टोबर १८५६मध्ये सईद समुद्रप्रवासातच वारला. ओमान त्याचा मुलगा थुवैनी याच्या हाती राहिला, तर झांझिबार दुसरा मुलगा माजिद याच्या. माजिदने थुवैनीला दरसाल ४०,००० मारिया थेरेसा डॉलर द्यावेत असे ठरले. वादाचे मूळ याच रकमेत होते. थुवैनी तिला खंडणी समजत होता, म्हणजे झांझिबार मस्कतचे मांडलिक. माजिदच्या मते ती भावाने भावाला केलेली मदत होती. शब्दांचा हा वाद वरकरणी क्षुल्लक दिसतो. पण ज्या राज्याचे उत्पन्न जकातीवर चालते तेथे खंडणी कोण घेतो आणि देणगी कोण देतो, यावरच सार्वभौम कोण हे ठरत असते.

आणि ही जकात होती कोणाच्या हातात? झांझिबारची जकात ठेक्याने दिली जाई, आणि अनेक वर्षे तो ठेका जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. सुलतानाला उचल हवी असली की ती पेढीकडून मिळे. अरब मळेवाले आणि आफ्रिकेच्या अंतर्भागात जाणारे तांडे हिंदी सावकारांच्या कर्जावर चालत. तेथले हस्तिदंत आणि लवंगा मुंबईच्या बंदरात उतरत, मुंबईचे कापड तिकडे जाई. म्हणजे दोन अरब राजपुत्रांच्या भांडणामागे जे भांडवल होते त्याचा बराच भाग आपल्याच किनाऱ्यावरून गेलेला होता. हे व्यापारी ब्रिटिश रक्षणाखालील प्रजाजन ठरत असल्यामुळे त्यांच्या हितरक्षणाचे निमित्त इंग्रज वकिलाला नेहमीच हाताशी मिळे. साम्राज्यशाहीची चर्चा करताना हिंदी भांडवलाचा हा वाटा झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१८५९च्या आरंभी थुवैनी आरमार घेऊन झांझिबारवर निघाला. मुंबई सरकारने त्याला वाटेतच गाठून परतवले आणि वाद लवादाकडे सोपवण्यास भाग पाडले. त्याच वर्षी झांझिबारमध्ये बर्घश या तिसऱ्या भावाने माजिदविरुद्ध बंड केले. बहीण सालमे त्याच्या बाजूने होती. हीच पुढे जर्मन व्यापाऱ्याशी विवाह करून युरोपात गेली व १८८६ साली तिने आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. बंड मोडण्यास माजिदची फौज पुरी पडेना, तेव्हा ब्रिटिश वकील रिग्बी याने युद्धनौकेवरील शिपाई उतरवले. बर्घश शरण आला आणि त्याची रवानगी मुंबईला झाली. येथे तो दोनेक वर्षे राहिला. फ्रेंच वकिलातीचा बर्घशकडे कल आहे हा संशय इंग्रजांच्या मनात होता, आणि तटस्थतेच्या सगळ्या भाषेमागे खरी धास्ती हीच होती: हिंदुस्थानच्या सागरी वाटेवर फ्रान्सचा पाय पडू नये.

चौकशीचे काम एडनचा रेसिडेंट ब्रिगेडियर कॉघलन याच्याकडे आले. एडन तेव्हा मुंबई इलाख्याचाच भाग होते. त्याच्या मदतीला अरबी जाणणारा पाद्री बॅजर होता. मस्कत व झांझिबार येथे जाऊन त्यांनी कागदपत्रे तपासली आणि दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी ऐकली. बॅजरला मस्कतमध्ये ओमानच्या इमामांचा एक अरबी इतिहास हस्तलिखित मिळाला. त्याचे इंग्रजी भाषांतर १८७१ साली छापले गेले. चौकशी करावयास गेलेला अधिकारी त्या देशाचा इतिहासही बरोबर घेऊन येतो, आणि पुढील पिढ्यांतील परकीय वाचक तो देश त्याच्याच भाषांतरातून ओळखू लागतात. त्या विद्वत्तेबद्दल आदर बाळगूनही हे नमूद केले पाहिजे.

कॉघलनचा अहवाल मात्र बारकाईने पाहण्याजोगा आहे. थोरल्या मुलाला गादी हा नियम ओमानात नाही, तेथे टोळ्यांची निवड आणि तलवारीचे बळ यांवर राज्य ठरते, असे त्याने म्हटले. झांझिबारच्या लोकांनी माजिदला निवडले आहे, तेव्हा थुवैनीचा हक्क तेथे लागू होत नाही. तत्त्व म्हणून हे ऐकावयास लोकशाहीचे वाटते. झांझिबारचे लोक म्हणजे मूठभर अरब सरदार, हे येथे विसरता कामा नये. लवंगांच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकी गुलामाला कोणी विचारले नव्हते, आणि विचारावे असे कॉघलनला, माजिदला किंवा थुवैनीला वाटण्याचे कारणही नव्हते.

२ एप्रिल १८६१ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंगने निवाडा दिला. झांझिबार माजिदचे, मस्कत थुवैनीचे; माजिदने दरसाल ४०,००० डॉलर द्यावेत आणि दोन वर्षांची थकबाकी म्हणून ८०,००० डॉलर वेगळे भरावेत. ही रक्कम म्हणजे झांझिबारच्या मांडलिकत्वाची कबुली नव्हे, दोन वारशांतील विषमता भरून काढण्यासाठी ती आहे, आणि ती वारसांनाही बंधनकारक राहील, असा खुलासाही त्यात होता. दोन मांजरांच्या भांडणात निवाडा करणाऱ्या माकडाने लोणी खाल्ले अशी गोष्ट आपण मुलांना सांगतो. कॅनिंगचे माकड अधिक शहाणे होते. त्याने लोण्याला हात न लावता तराजू आपल्या ताब्यात ठेवला. दोन्ही राज्ये स्वतंत्र ठरली खरी, परंतु त्यांच्यातील पैशाचा व्यवहार यापुढे इंग्रजांच्या हमीवर चालणार होता. पुढच्याच वर्षी, मार्च १८६२मध्ये, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मस्कत व झांझिबार या दोन्हींच्या स्वातंत्र्याचा आदर करण्याची संयुक्त घोषणा केली. तिच्यावर सह्या दोन युरोपीय सरकारांच्या होत्या.

निवाड्यातील तत्त्वाची कसोटी फार लवकर लागली. १८६६ साली थुवैनीचा त्याचाच मुलगा सालिम याने खून केला. बापाच्या मारेकऱ्याला पैसे कशाला द्यावेत, असे म्हणत झांझिबारने कुरकूर सुरू केली. १८६८मध्ये सालिमला हुसकून अज्जान बिन कैस सत्तेवर आला आणि इबादी धर्मपंडितांनी त्याला इमाम म्हणून निवडले. कॉघलनच्याच कसोटीने पाहिले तर निवड आणि तलवार ही दोन्ही प्रमाणे अज्जानपाशी होती. तरीही त्याला इंग्रजांची रीतसर मान्यता अखेरपर्यंत मिळाली नाही आणि झांझिबारची रक्कमही मिळाली नाही. तिजोरी रिकामी, व्यापार मंदावलेला, टोळ्यांना द्यावयास पैसा नाही, अशा अवस्थेत हे राज्य दोन-अडीच वर्षेच टिकले. सईदचा आणखी एक मुलगा तुर्की हा मुंबईत निवृत्तिवेतनावर राहत होता. १८७०मध्ये तो तेथून निघून आखातात उतरला. जानेवारी १८७१मध्ये अज्जान लढाईत मारला गेला आणि तुर्की मस्कतच्या गादीवर बसला. त्याला मान्यता मिळण्यास फार काळ लागला नाही. जे तत्त्व १८६०मध्ये थुवैनीविरुद्ध वापरले ते १८६८मध्ये अज्जानच्या बाजूने वापरता आले असते. तसे झाले नाही, कारण तत्त्वाचा अर्थ लावण्याचा अधिकार लवादाने स्वतःकडे ठेवला होता.

१८७३ साली या व्यवहाराचे अंतिम रूप ठरले. मुंबईचा माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर गुलामांच्या व्यापाराविरुद्ध करार करून घेण्यासाठी झांझिबार व मस्कत येथे गेला; बॅजर पुन्हा सोबत होताच. एप्रिलमध्ये तुर्कीने सही केली. झांझिबारच्या गादीवर आता बर्घश होता, एके काळचा मुंबईचा निर्वासित. त्याने फ्रियरला नकार दिला. जूनमध्ये वकील कर्क याने नाकेबंदीची धमकी दिली तेव्हा त्याची सही झाली. त्यानंतर ४०,००० डॉलरचा बोजा हिंदुस्थान सरकारने उचलला, आणि सुलतान तह पाळील व मैत्री राखील तोवरच ही रक्कम मिळेल अशी अट घातली. भावाचे भावाला देणे आता इंग्रजांनी दिलेले वेतन झाले.

गुलामांचा व्यापार बंद पाडणे हे चांगले कृत्य होते, ते कोणी कोणत्या हेतूने केले यामुळे त्याचे मोल कमी होत नाही. बर्घशने नकार दिला तो साम्राज्यविरोधी बाण्याने नव्हे. त्याचा आणि त्याच्या सरदारांचा पैसा त्यात गुंतला होता. परदेशी दडपणाखाली आलेल्या प्रत्येक राजाला स्वातंत्र्यवीर ठरवण्याची जी सवय आपल्या काही लेखकांना आहे ती येथे निरुपयोगी आहे. मात्र इंग्रजांच्या नैतिकतेलाही मर्यादा होत्या. समुद्रावरील व्यापार बंद झाला तरी झांझिबारच्या मळ्यांतील गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८९७पर्यंत टिकली, ब्रिटिश संरक्षण लागू झाल्यावरही सात वर्षे. ती रद्द झाली तेव्हा भरपाई मिळाली मालकांना.

राहिला हिंदी खजिन्याचा प्रश्न. ४०,००० डॉलर ही रक्कम साम्राज्याच्या हिशेबात किरकोळ होती, आणि तिच्यामुळे हिंदुस्थान दरिद्री झाला असे म्हणणे हास्यास्पद होईल. प्रश्न रकमेच्या आकाराचा नसून ती कोणत्या सदरात पडली याचा आहे. दादाभाई नौरोजी हिंदुस्थानातून वाहून जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडत होते तो हाच काळ. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. सोलापूर, विजापूरकडील शेतकरी खडी फोडण्याच्या कामावर अर्धपोटी राबत होता. त्याच खजिन्यातून दूरच्या सुलतानाच्या निष्ठेचा खर्च निघत होता, आणि शेतसारा भरणाऱ्याला तो विचारण्याचा किंवा नाकारण्याचा मार्ग नव्हता. एका पराधीन प्रजेच्या पैशातून दुसऱ्या प्रजेच्या पराधीनतेची तजवीज होत होती. याचे कागद लंडनच्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, तसे मुंबई सरकारच्या राजकीय खात्याच्या दप्तरातही आहेत; महाराष्ट्र पुराभिलेखागारात बसून ते वाचता येतात. आपल्या विद्यापीठांतील अर्थशास्त्राच्या विभागांनी तिकडे फारसे वळू नये, हे नवल आहे.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येतो. १८८६ साली ब्रिटन आणि जर्मनी यांनी आपसांत वाटणी करून बर्घशला आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर दहा मैल रुंदीची पट्टी ठेवली. १८९०मध्ये झांझिबार ब्रिटिश संरक्षणाखाली गेले. १८९१मध्ये मस्कतच्या सुलतानाने आपला मुलूख ब्रिटिशांखेरीज कोणालाही देणार नाही असे लिहून दिले. २७ ऑगस्ट १८९६ रोजी बर्घशचा मुलगा खालिद इंग्रजांच्या परवानगीवाचून गादीवर बसला म्हणून ब्रिटिश युद्धनौकांनी झांझिबारच्या राजवाड्यावर तोफा डागल्या. पाऊण तासाच्या आत सारे आटोपले आणि पाचशेच्या आसपास माणसे मारली गेली वा जखमी झाली. मस्कतच्या सुलतानाचे वेतन त्या वर्षीही चालूच होते. ज्या झांझिबारच्या बदल्यात ते ठरले होते ते आता ब्रिटिशांच्या हाती होते, आणि पैसे हिंदुस्थानचे सरकार भरत होते.