प्रायश्चित्त कानाचे, मोकळीक मालकाची

इंग्लंड-अमेरिकेतील पुरोगामी म्हणवणाऱ्या नियतकालिकांत गेली काही वर्षे एका ठरावीक घाटाचा लेख पुनःपुन्हा वाचावयास मिळतो. लेखक पस्तिशी-चाळिशीचा. पंधराव्या-सोळाव्या वर्षी, म्हणजे २००३-०४ च्या सुमारास, शाळेतून आल्यावर खोलीचे दार लावून तो संगणकासमोर बसे आणि दूरदूरच्या, आपल्यासारख्याच एकाकी मुलामुलींच्या संगतीत इमो, पोस्ट-हार्डकोर अशा नावांचे संगीत ऐके. आता त्याला कळून चुकले आहे की त्या गाण्यांतील स्त्रीला नाव नव्हते, चेहरा नव्हता; प्रियकराचा घात करणे एवढेच तिचे काम. त्याहून भयंकर म्हणजे ती गाणी म्हणणाऱ्यांपैकी काही जण कोवळ्या वयाच्या चाहत्यांचे शोषण करीत होते. मग लेखक ते जुने सूर पुन्हा ऐकून पाहतो. अंगावर काटा येतो, पण पायाचा ठेका थांबत नाही. आणि हे ऐकण्याचा आपल्याला अधिकार उरला आहे काय, या प्रश्नापाशी लेख संपतो.

प्रश्न प्रामाणिक आहे, यात शंका नाही. परंतु त्याची उत्तरे देणारे दोन पक्ष पाहिले म्हणजे त्याचा तोकडेपणा उघड होतो. एक पक्ष म्हणतो, कला वेगळी आणि कलावंत वेगळा, खुशाल ऐका. दुसरा म्हणतो, ती गाणी पुसून टाका आणि शुद्ध व्हा. दोघांचे भांडण कडाक्याचे असले तरी एका मुद्द्यावर त्यांचे पूर्ण एकमत आहे : हा सारा व्यवहार एक श्रोता आणि एक गाणे यांच्यातला आहे. मध्ये कोणी नाही. कंपनी नाही, पोलीस नाहीत, कार्यक्रमाचा ठेकेदार नाही, कामगार नाही. समाजवादी विचाराला हे चित्रच मुळात मान्य होण्यासारखे नाही.

त्यासाठी दक्षिण वेल्समधील पाँटिप्रीद या गावाकडे पाहावे. वेल्सचे राष्ट्रगीत १८५६ मध्ये ज्या गावात रचले गेले ते हे गाव. शेजारची रोंडा खोरी कोळशाच्या खाणींची. तेथील खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून पौंडामागे काही पेन्स कापू देऊन सभागृहे बांधली, ग्रंथालये उभारली, गायनवृंद चालवले. ट्रेडेगरच्या अशाच कामगार-ग्रंथालयात अनायरिन बेव्हन वाचावयास शिकले असे म्हणावे लागेल. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा उभारणारे ते हेच बेव्हन. १९५७ मध्ये अमेरिकन सरकारने पॉल रोबसन यांचा पासपोर्ट अडकवून ठेवला होता, तेव्हा अटलांटिक महासागराखालून जाणाऱ्या टेलिफोनच्या तारेवरून ते पोर्थकॉलच्या सभागृहात जमलेल्या खाणकामगारांसाठी गायले, आणि कामगारांच्या वृंदाने त्याच तारेवरून त्यांना उलट गाणे ऐकवले. संगीत तेथे संघटनेच्या अंगणात वाढत होते. त्या संस्था निष्कलंक होत्या असे मात्र कोणी समजू नये. त्या पुरुषांच्या होत्या, स्त्रियांना त्यांत मागचे बाकही कष्टाने मिळे. पण काही खटकले तर कोणाकडे जावयाचे हे गावातील प्रत्येकाला ठाऊक असे.

१९८४-८५ चा संप थॅचर सरकारने मोडून काढला. १९९० मध्ये रोंडातील शेवटची खाण, मेर्डी, बंद पडली. पुढे लॉस्टप्रॉफेट्स या नावाने जगभर गाजलेल्या बँडमधील मुले संपाच्या वेळी प्राथमिक शाळेत होती. १९९७ मध्ये पाँटिप्रीदच्या परिसरात त्यांनी हा बँड काढला आणि २००६ मध्ये त्यांचा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्यांच्या चाहत्यांना आता सभागृह नव्हते, वृंद नव्हता. होता तो संगणकाचा पडदा. मायस्पेस हे तरुणांचे आवडते संकेतस्थळ २००५ मध्ये रूपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने ५८ कोटी डॉलरच्या सौद्यात आपल्या हाती घेतले. १९८६ मध्ये लंडनच्या वॉपिंग येथे पाच हजारांवर छपाई कामगारांना एका झटक्यात घरी बसवणारे ते हेच मरडॉक. मुलांना वाटत होते, हे आपले बंडखोरांचे गाव आहे. आणि गावाच्या वेशीवर जकात घेत बसला होता संपफोड्या मालक.

बँडचा गायक इयन वॉटकिन्स याला डिसेंबर २०१२ मध्ये अटक झाली. तान्ह्या बालकांवरील लैंगिक अत्याचारांसह तेरा गुन्हे त्याने नोव्हेंबर २०१३ मध्ये कबूल केले आणि त्याला २९ वर्षांची शिक्षा झाली. त्याच्याबरोबर दोषी ठरलेल्या दोन स्त्रिया त्याच्या चाहत्या होत्या, आणि त्या मुलांच्या माताही. ऑक्टोबर २०२५ मध्ये वेकफील्डच्या तुरुंगात त्याचा खून झाला. हे सर्व वृत्तपत्रांनी चवीने छापले. जे कमी वाचले गेले ते पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र आयोगाचे २०१७ मधील निष्कर्ष. २००८ पासून त्याच्याविरुद्ध माहिती पोलिसांच्या हाती येत होती. ती देणाऱ्यांत त्याची एक पूर्वीची मैत्रीण होती. ती विश्वास ठेवण्याजोगी नाही असे आधीच ठरवून टाकण्यात आले. वेळीच तपास झाला असता तर त्याला जवळजवळ चार वर्षे आधी न्यायासनासमोर उभे करता आले असते. त्या चार वर्षांत काय काय घडले याचा हिशेब कोणत्याही श्रोत्याच्या पश्चात्तापाने चुकता होणार नाही.

पाँटिप्रीदच्या नगर-सुशोभनात पदपथाच्या फरशांवर या बँडच्या गीतांच्या ओळी कोरल्या होत्या. प्रकरण बाहेर येताच त्या उखडण्यात आल्या. त्यात गैर काही नाही. त्या बालकांच्या नातलगांनी त्यांवरून रोज चालावे असे कोण म्हणेल? पण फरशी उखडण्याची ही तत्परता तक्रार नोंदवणाऱ्या खिडकीवर कोठे होती, हेही विचारले पाहिजे. शिवाय बँडमधील इतर वादकांचे काय? त्यांनी २०१३ मध्ये बँड मोडला आणि पुढील वर्षी नव्या गायकासह नव्या नावाने पहिल्यापासून सुरुवात केली. पंधरा-सोळा वर्षांचे सामुदायिक श्रम एका माणसाच्या नावावर जमा होते, म्हणून त्याच्याबरोबर बुडाले. ताऱ्यांची ही पद्धत कंपन्यांनी विक्रीच्या सोयीसाठी घडवलेली आहे. गाणे पाच-सहा जणांनी घडवावे, मुखपृष्ठावर एकाचा चेहरा यावा, आणि त्या चेहऱ्याभोवती असा प्रकाश पाडावा की त्याच्याविरुद्ध बोलणारी मुलगी आपोआप वेडी ठरावी.

यावर कोणी म्हणेल की त्या संगीताचा स्वभावच तसा होता. इतिहास याच्या नेमका उलट आहे. इमोचे मूळ ज्या राइट्स ऑफ स्प्रिंग या बँडपर्यंत नेले जाते तो वॉशिंग्टनचा. १९८५ च्या उन्हाळ्यात तेथील तरुणांनी पंक कार्यक्रमांतील मारामारी व पुरुषी दांडगाई यांविरुद्ध जाणीवपूर्वक नवी वाट काढली आणि त्याच उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर ढोल-डबे बडवून वर्णद्वेषाचा निषेध केला. त्या बँडमधील गी पिचोटो पुढे फुगाझी या बँडमध्ये आले. फुगाझीचे तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलेले असे, प्रवेश सर्व वयांना खुला असे. श्रोत्यांत कोणी दंडेली करू लागला तर गाणे थांबे आणि तिकिटाचे पैसे पाकिटात घालून त्याला बाहेर वाट दाखवली जाई. कार्यक्रमात कोणाची जबाबदारी कोणावर आहे हे त्या पाच डॉलरच्या पाकिटात स्पष्ट होते. स्त्रियांविषयीचा आक्षेपही आज सुचलेला नव्हे. शिकागोच्या 'पंक प्लॅनेट' या नियतकालिकात जेसिका हॉपर यांनी तो २००३ मध्येच मांडला होता, आणि त्यांची चिंता रंगमंचासमोर पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या किशोरवयीन मुलींविषयी होती. इशारा मिळाला नव्हता असे नाही. त्यावर कृती करील अशी संघटना नव्हती.

गाणी पुसून टाकण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. पुसण्याचे कामही मालक स्वतःच्या सोयीने करतो. २०१९ मध्ये मायस्पेसने जाहीर केले की सर्व्हर बदलताना जुनी गाणी नष्ट झाली; सुमारे पाच कोटी गाणी गेल्याचा अंदाज वर्तवण्यात आला. त्यांत गुन्हेगार किती आणि गॅरेजमध्ये सराव करणारी निरपराध पोरे किती? उलट स्पॉटिफायने १० मे २०१८ रोजी द्वेषपूर्ण वर्तन करणाऱ्या कलावंतांसंबंधी धोरण जाहीर केले आणि संगीतव्यवसायातून ओरड होताच १ जून रोजी, म्हणजे तीन आठवड्यांत, ते मागे घेतले. ज्यांना कंपनीच्या हातून नैतिकता हवी आहे त्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

महाराष्ट्रातील समाजवादी कार्यकर्त्याला यात अपरिचित काही वाटू नये. सेवा दलाच्या कलापथकातून मुलेमुली एकत्र गावोगाव हिंडत, तेव्हा घरची माणसे कोणा गायकाच्या गळ्यावर विसंबून मुलींना पाठवीत नसत. त्यांचा भरवसा संघटनेवर होता. आज तरुणांचे गाणे जेथे चालते तेथे असा भरवसा ठेवावा अशी जागा डाव्यांनी किती ठिकाणी उभी केली आहे?

ब्रिटिश संसदेच्या स्त्रिया व समता समितीने जानेवारी २०२४ मध्ये संगीतव्यवसायातील स्त्रीद्वेषावर अहवाल दिला. लैंगिक छळाच्या प्रकरणांत तोंड बंद ठेवण्याचे करार करवून घेण्यास मनाई असावी आणि कोणाच्याही नोकरीत नसलेल्या गायक-वादकांना छळाविरुद्ध नोकरदारांइतकेच संरक्षण असावे, अशा त्याच्या शिफारशी होत्या. तत्कालीन हुजूर पक्षाच्या सरकारने एप्रिल २०२४ मध्ये त्या फेटाळल्या. पंधराव्या वर्षी ऐकलेल्या गाण्यांचा पश्चात्ताप छापून आणणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या महिन्यात आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला एक पत्र तरी लिहिले होते?