रिकामी पुंगळी घरी भरू नका

भात पोटरीला आले की डोंगराकडच्या शेतकऱ्याची झोप उडते. बेलवलीत आता शेतांपेक्षा इमारतीच जास्त. पण बदलापूरच्या आसपास डोंगराच्या कडेला जिथे भात टिकून आहे, तिथे रानडुकराचा त्रास आहेच. कळप एका रात्रीत चार महिन्यांची मेहनत आडवी करून जातो. मग बंदुकीचा विषय निघतो, आणि काडतुसांचाही.

हल्ली त्यात एक नवे खूळ शिरते आहे. मोबाइलवर अमेरिकेतले लोक पिस्तुलाची उडवलेली काडतुसे घरच्या टेबलावर पुन्हा भरताना दिसतात. पुंगळी जुनी, टोपी, दारू आणि गोळी नवी. तरुण पोरांना वाटते, यात काय अवघड आहे? फवारणीचा पंप खोलतो, तसे हेही जमेल!

शेतकरी बंधूंनो, हे जमवायच्या फंदात पडू नका. बार उडताना पितळेची पुंगळी फुगते, नळीला आतून चिकटते आणि मागे येणारा वायू अडवते. दर वेळी पितळ ताणले जाते, पुढे चिरते. ती चीर डोळ्यांना दिसेलच असे नाही. काळी दारू वेगळी, धूरविरहित दारू वेगळी. एकीच्या जागी दुसरी पडली की नळी फुटते. बोटे जातात, डोळा जातो. दारू कमी पडली तर गोळी नळीत अडकते आणि पुढचा बार आपल्यावरच उलटतो. तिकडे दारू बनवणाऱ्या कंपन्या दाब मोजून तक्ते छापतात. आपल्याकडे कुठून तरी आणलेल्या पुडीवर कोणता तक्ता असतो? अंबरनाथच्या आयुध निर्माणीत आपल्या भागातली किती तरी माणसे राबली. दारूगोळ्याचे काम किती मोजमापाने करतात, ते त्यांना जरूर विचारा.

आता कायदा. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. तो नसेल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 7 वर्षे कैद, जास्तीत जास्त जन्मठेप. त्याच कायद्याच्या कलम 13 मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय आहे. ती पुरत नसेल तर गुळगुळीत नळीच्या बंदुकीचीही. पिकाच्या नावाने पिस्तूल मागायची सोय त्यात नाही. ठासणीच्या बंदुकीत दारू-छर्रे आपणच भरतो हे खरे, पण तेही परवान्यात लिहिलेल्या मापाने आणि परवानाधारक दुकानातूनच घ्यायचे. शिवाय परवान्याची बंदूक हातात आहे म्हणून डुक्कर मारता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 11 प्रमाणे वनखात्याची लेखी परवानगी लागते.

पण सगळा उपदेश शेतकऱ्यालाच का? सरकारनेही आपले घर बघावे. राज्यात विधानसभेचे मतदान 2009, 2014 आणि 2019 मध्ये ऑक्टोबरात झाले, 2024 मध्ये नोव्हेंबरात. म्हणजे ऐन भात कापणीच्या आसपास! आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला सांगितले जाते. डुकराला आचारसंहिता कोण सांगणार? पीक संरक्षणाच्या परवान्यांचा विचार अशा वेळी माणूस बघून, वेगळा व्हावा. वनखात्याची परवानगी पीक उभे असतानाच हातात पडली पाहिजे. सरळ वाट लांब झाली की माणूस आडवाट धरतो, आणि ती आडवाट गावठी बारापर्यंत जाते.

तोवर आपण काय करावे? चार शेजाऱ्यांनी मिळून कुंपण घालावे, राखण पाळीने करावी. नुकसान दिसले की त्याच दिवशी फोटो काढून वनरक्षकाकडे अर्ज द्यावा, पंचनामा झाल्याशिवाय शेत आवरू नये. आणि घरात जुनी काडतुसे, दारूची पुडी पडली असेल तर ती उघडून बघू नका, पोरांच्या हाती लागू देऊ नका. आहे तिथेच राहू द्या आणि पोलीस ठाण्यात कळवा.