प्रयोगशाळा आणि ओसरी

आमच्या भाचीला पुढील संशोधनासाठी युरोपातील एका विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा घरात पेढे वाटले गेले. विषय ‘सेंद्रिय इलेक्ट्रॉनिकी’ असल्याचे कळताच आमच्या वहिनींनी विचारले, “म्हणजे शेणखताची शेतीच ना ही?” शब्दाचाच हा घोटाळा. येथे सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगे, आपल्या ओळखीच्या प्लॅस्टिकची भावंडे. धक्का बसू नये म्हणून विजेच्या तारेवर आपण ज्या प्लॅस्टिकचे वेष्टण चढवतो, त्याच्याच कुळातल्या एका पदार्थातून वीज उत्तम वाहू शकते, हे शिराकावा, मॅकडायरमिड आणि हीगर यांनी १९७७ साली दाखवून दिले. पॉलिअ‍ॅसिटिलीनच्या पापुद्र्याला आयोडीनची वाफ देताच त्याची विद्युतवाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली. २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले ते यासाठीच. अशा पदार्थांची शाई करता येते आणि वर्तमानपत्र छापावे तसे तिच्यापासून सौरघट छापता येतात.

येथवर घरात आनंदीआनंद होता. पुढे असे झाले की, त्या अभ्यासक्रमात काही महिने ग्रामीण वस्तीत राहून काम करण्याची मुभा होती, सक्ती नव्हती. भाचीने ती आपणहून मागितली आणि त्यासाठी निमाडातले एक खेडे निवडले. आमचे मेहुणे संतापले. “तुला निमाडातच राहायचे होते, तर विमानाचे भाडे कशाला भरले?” असा त्यांचा सवाल. इंदुराहून बसने सकाळी निघून जेवणवेळेला पोहोचता येते अशा ठिकाणी परदेशातून येऊन राहायचे, हे त्यांच्या गणितात बसेना.

आम्ही भाचीची बाजू घेतली. त्याचे कारण सांगताना संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने एका आश्रमशाळेस पंचवीस सौरकंदील भेट दिले होते. हार झाले, भाषणे झाली, छायाचित्र निघाले. पुढचा पावसाळा सरल्यावर आमच्यापैकी एक जण सहज तेथे गेले, तर कंदील कपाटात एकावर एक रचून ठेवलेले! सौर पॅनेल शाबूत होते. बहुतेकांची तार जोडापाशी तुटली होती, इतकेच. ती कोण जोडून देईल, हा प्रश्न कंदील देताना आमच्यातल्या एकाच्याही मनात आला नव्हता.

विद्वानांनाही हा प्रश्न चुकत नाही. डेन्मार्कमधील रिसो येथील संशोधकांनी २०१० साली आफ्रिकेतील घरांसाठी छापील सौरघटाचा एक दिवा तयार केला. वजन अवघे ५० ग्रॅम, आकार टंकलेखनाच्या कागदाहून किंचित मोठा, टपालाच्या पाकिटातून धाडता येईल इतका चपटा. उन्हात पसरून ठेवायचा, आणि रात्री दोन कोपरे बटनाने जोडले की तो उभा राहून प्रकाश देऊ लागतो. कल्पना मोठी देखणी! परंतु अशा घटांचे वैरी दोन : ओल आणि हवेतला प्राणवायू. सिलिकॉनचे पॅनेल पंचवीस वर्षे छपरावर काढते. हा नाजूक पापुद्रा किती पावसाळे काढील, हे गावातल्या छपरावरच कळायचे. वेल्समधील स्वान्सी विद्यापीठाच्या पुढाकाराने छापील सौरघटांसाठी निघालेल्या ‘सनराइज’ प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातील खुडेद गाव गाठले, ते उगीच नव्हे. मुंबईच्या आय.आय.टी.तही ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र १९८५ पासून आहे आणि तेथील विद्यार्थी गावात मुक्काम करून शिकतात. म्हणजे भाचीचे खूळ अगदीच जगावेगळे नव्हते.

निमाडातून तिची पत्रे येत. पहिल्याच आठवड्यात ओसरीवर जमलेल्या बायकांनी तिचे छापील पान हातात घेऊन उलटेपालटे केले आणि विचारले : चुलीच्या धुराने हे काळे पडेल का? घडी घातली तर मोडेल का? हे आमच्या मालकीचे राहणार की सरकारचे? आणि एका म्हातारीने विचारले, “उंदीर खातील काय गं?” भाचीने लिहिले की, प्रयोगशाळेत ऊन, ओल आणि उष्णता यांच्या सगळ्या कसोट्या आहेत, उंदराची मात्र नाही. विद्यापीठातल्या मार्गदर्शकांस तिने हे कळवले, तेव्हा त्यांनी आधी विनोद समजून हसण्यावारी नेले. दुसऱ्या दिवशी मात्र कोणकोणत्या जाडीचे वेष्टण करून पाहावे, याची यादीच आली.

मग तिने तीन प्रकारच्या वेष्टणांचे तुकडे धान्याच्या कणगीशेजारी टांगले. ती परत गेल्यावर नोंद ठेवण्याचे काम आठवीतल्या एका मुलीने घेतले आहे. दर रविवारी वहीत तारीख आणि कुरतडलेल्या कडेची लांबी. सर्वांत पातळ तुकडा सहाव्या दिवशी नाहीसा झाला. दुसरा अजून टिकून आहे, तिसऱ्याला दातांच्या खुणा आहेत.

मेहुणे हल्ली फोनवर लेकीच्या प्रकृतीआधी उंदरांची चौकशी करतात.